दुसरा गिअर कुणाला पडतो?

मराठीत गिअर माणूस ‘टाकतो’ आणि मग तो ‘पडतो’. टाकणारा माणूस, पडणारा गिअर. ‘टाकला, पण पडला नाही’ असं आपण सहज बोलून जातो, आणि चूक हाताची की यंत्राची हे त्या वाक्यात मोघमच राहतं. व्यवहारात मात्र ते मोघम राहत नाही. सीटवर कोण बसलंय हे बघून निकाल लागतो. मुरलेला ड्रायव्हर असेल तर गाडी कुरकुर करतेय. नवखा असेल, किंवा बाई असेल, तर ‘तिला जमत नाहीये’.

मला या लेखात एक छोटा प्रश्न धरून बसायचं आहे. बिघडलेली वस्तू चालवण्याच्या कसबाला कौशल्य म्हणायचं का? आणि कुणी ती वस्तू नीट केली, तर त्या कसबवाल्याचं आपण काही देणं लागतो का? उदाहरण आहे प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या गिअर लिंकेजचं. विषय तेलकट आहे, पण थोडा धीर धरा.

पद्मिनी म्हणजे मुंबईची जुनी काळीपिवळी टॅक्सी. फियाटच्या ११०० डी या गाडीचं हे भारतीय रूप. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून बनवत होती. सत्तरच्या दशकात तिला आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा खाली दोन सीटच्या मधे नाही, तर वर स्टीअरिंगच्या बाजूला. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट आणि त्यावर तीन माणसं बसू शकायची. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा सगळ्यांच्या स्टोरीवर तिचे फोटो होते. मुंबईबाहेर घरांच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली, अजून बऱ्याच शिल्लक आहेत. त्यातली एक आमच्या घरी नाशिकला आहे. १९८४ सालची, आजोबांनी घेतलेली, आता काकांची.

गिअर खाली असला की दांडा जवळजवळ थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. तो वर स्टीअरिंगपाशी असला की तुमचा हात आणि गिअरबॉक्स यांच्यात बरंच अंतर पडतं, आणि ते अंतर कापायला मध्यस्थ लागतात. कॉलम शिफ्टचं तत्त्व साधारण असं: स्टीअरिंगच्या नळीला समांतर एक शाफ्ट असतो. दांडा वर-खाली केला की तो शाफ्ट स्वतःभोवती थोडा फिरतो. दांडा स्वतःकडे ओढला किंवा पलीकडे ढकलला की शाफ्ट लांबीत थोडा सरकतो. सरकणं म्हणजे रांग निवडणं, पहिला-दुसरा ही एक रांग, तिसरा-चौथा ही दुसरी. फिरणं म्हणजे त्या रांगेतला गिअर प्रत्यक्ष टाकणं. या दोन हालचाली खाली छोटे आर्म आणि रॉड यांच्यामार्फत गिअरबॉक्सच्या बाजूपर्यंत जातात. प्रत्येक जोडावर एक पिन, एक बुश, एक वॉशर आणि पिन निसटू नये म्हणून एक स्प्लिट पिन. या सगळ्या साखळीला लिंकेज म्हणतात.

आता हिशेब करा. समजा असे सहा जोड आहेत आणि प्रत्येक बुश फक्त अर्धा मिलिमीटर झिजलंय. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. कुठल्याही एका जोडाला बोट लावून हलवलं तर ‘ठीक आहे’ असंच वाटेल. पण जोड एकापुढे एक असल्याने ढिलेपणाची बेरीज होते, तीन मिलिमीटर. आणि हातातला दांडा शाफ्टवरच्या आर्मच्या पाचपट लांब असेल, तर मुठीपाशी तोच ढिलेपणा दीड सेंटिमीटर होतो. दीड सेंटिमीटर हात हलतोय आणि गिअरबॉक्सला त्याचा पत्ताच नाही. गॅरेजमध्ये याला ‘खेळ’ म्हणतात. ‘लिंकेजला खेळ आलाय.’ मला हा शब्द फार आवडतो.

खेळ आला की दोन गोष्टी होतात. फिरवण्याच्या हालचालीत खेळ असेल तर गिअर अर्धवट पडतो, कुरकुरतो, किंवा सुटून न्यूट्रलमध्ये येतो. रांग निवडण्यात खेळ असेल तर त्याहून फसवं काहीतरी घडतं. दुसरा आणि चौथा हे दोन्ही गिअर दांड्याच्या एकाच दिशेला असतात, फक्त रांग वेगळी. तुम्ही दुसरा टाकलात असं तुम्हाला वाटतं, दांडा आज्ञाधारकपणे जागेवर बसतो, आणि गाडी चौथ्यात गेलेली असते. सपाट रस्त्यावर ती थरथरत, रडत चालते. चढावर बंद पडते.

काकूंचं नेमकं हेच झालं होतं. काकूंकडे १९९१ पासून लायसन्स आहे. त्या आयुष्यभर स्कूटर चालवत नोकरीला गेल्या, आणि आता सत्तरीच्या जवळ आल्यावरही ऑटोमॅटिक हॅचबॅक घेऊन भाजी आणायला जातात. पद्मिनी मात्र त्यांनी एकदाच चालवली, १९९४ च्या आसपास. एका चढावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी बंद पडली, मागे एसटी, एसटीचा हॉर्न, सीटवर दोन मुलं. काका शेजारून उतरले, फिरून आले, ‘सरक’ म्हणाले. आमच्या घरातल्या ठरलेल्या विनोदांपैकी हा एक. दर दिवाळीला कुणीतरी काढायचं: ‘हिला दुसरा सापडेना!’ आणि काका त्यावर म्हणायचे की या गाडीला हात ओळखीचा लागतो. काकू हसायच्या. मीसुद्धा लहानपणी खूप हसलो आहे.

काकांचा हात खरंच ओळखीचा होता. पहिल्यातून दुसरा घेताना ते दांडा न्यूट्रलमध्ये आणून एक बारीकसा झटका द्यायचे, डावी-उजवीकडे हलवून जणू चाचपायचे, मग एका बाजूला नेहमीपेक्षा जास्त रेटून खाली आणायचे. बघायला सुंदर. बोलता बोलता, न बघता. मी त्यांना एकदा विचारलं की नेमकं काय करता, तर त्यांना सांगता येईना. ‘कळतं हाताला.’

मायकल पोलान्यी नावाच्या विचारवंताने अशाच ज्ञानाबद्दल लिहिलंय. ‘द टॅसिट डायमेन्शन’ हे त्याचं छोटं पुस्तक १९६६ मध्ये आलं. सायकल चालवणं, चेहरा ओळखणं, वैद्याला नाडी कळणं, अशा ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत मांडता येत नाही, तो अंगात असतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या पिढीला हे पटकन आवडतं. आम्ही दिवसभर स्क्रीनसमोर बसतो आणि हाताने काही करणाऱ्याकडे भक्तिभावाने बघतो. जुना मेकॅनिक, जुना हलवाई, जुना ड्रायव्हर, सगळ्यांचे रील आम्ही मागे हळवं संगीत लावून बघतो.

पण पोलान्यीचं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. अंगात मुरलेलं सगळंच ज्ञान सारख्या आदराचं आहे का?

याचं उत्तर मला लिंकेज सोडवताना मिळायला लागलं. मागच्या वर्षी काकांनीच ‘आता दुसरा फारच त्रास देतोय’ म्हटलं. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी आठवडाभर गॅरेजची एक जागा दिली, आणि मी सुट्टी घेऊन त्यांचा हरकाम्या झालो. गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट, न्यूट्रलमध्ये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, कारण स्टीअरिंगपाशी हॉर्नच्या आणि इंडिकेटरच्या वायरी असतात. काही सोडवण्याआधी मिस्त्रींनी प्रत्येक रॉडवर पांढऱ्या रंगाची खूण केली, आटे किती बाहेर दिसतात ते मोजून मला लिहायला लावलं, आणि मग म्हणाले, ‘फोटो काढ. पण फोटोवर विसंबू नको, फोटोत खोली दिसत नाही.’

स्प्लिट पिना गंजून पिनेशी एकजीव झाल्या होत्या, त्या कापूनच काढाव्या लागल्या. तशाही त्या परत वापरायच्या नसतात. बुश निघाली तेव्हा काही जोडांवर बुश म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, नुसता काळा भुगा. आर्मचं गोल भोक लंबगोल झालं होतं. एक पिन न घासलेल्या बाजूला आठ मिलिमीटर भरली आणि घासलेल्या बाजूला साडेसात. आणि एक रॉड किंचित वाकलेला. मी म्हटलं, आदळला असेल कुठेतरी. मिस्त्रींनी तो प्रकाशात धरला आणि हसले. ‘आदळला नाही. वाकवलाय. कुणीतरी खेळ काढायला वाकवलाय.’

म्हणजे आमच्या आधी कुणीतरी, बहुधा भलेपणानेच, बुश न बदलता रॉड वाकवून दुसरा गिअर ‘आणला’ होता. त्यानंतर अजून कुणीतरी आटे फिरवून रॉडची लांबी बदलली होती. या सगळ्या उपायांनी झीज तशीच ठेवून तिच्याभोवती जागा करून दिली होती. काकांच्या हातातला तो सुंदर झटका हा त्या मालिकेतला शेवटचा उपाय होता. रॉडला जे जमलं नाही ते मनगट करत होतं.

इथे मला एक फरक दिसतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पद्मिनी चालवणं मुळातच अवघड आहे. पॉवर स्टीअरिंग नाही, दांडा भलत्या जागी, चोक हाताने ओढायचा. ही अवघडता त्या वस्तूची आहे. ती जो शिकला, तो दुसऱ्या कुठल्याही धड पद्मिनीत बसून निघू शकतो, त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. काकांचा झटका मात्र फक्त याच गाडीत चालतो. दुसऱ्या पद्मिनीत तो निरुपयोगी, कदाचित घातकच. तो गाडीच्या झिजेचा साचा आहे, हाताच्या मांसात उतरलेला. दोन्ही ‘अनुभवाने येतं’, दोन्ही शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आपण दोन्हींना एकच नाव देतो आणि एकच मान देतो.

ज्यांनी सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं काढली आहेत त्यांना हे नवीन नाही. प्रत्येक टीममध्ये एक सिस्टिम असते जी रात्री अडकते आणि एक माणूस असतो ज्याला ती सोडवता येते. ती का अडकते हे तोही सांगू शकत नाही. त्याला सुट्टी मिळत नाही आणि त्याला काढूनही टाकता येत नाही. आमच्या धंद्यात याला ‘बस फॅक्टर’ असा जरा अभद्र शब्द आहे, म्हणजे किती माणसं बसखाली आली तर काम ठप्प होईल. आकडा एक असेल तर वाईट. पण त्या एका माणसाच्या बाजूने बघा, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे पगारवाढ असते. नवीन आलेली मुलगी ती सिस्टिम हाताळताना चुकली की लोक म्हणतात, तिला अजून अनुभव नाही. सिस्टिममध्ये खेळ आलाय असं कुणी म्हणत नाही.

म्हणून मला वाटतं की बिघाड चालवून घेण्यात एक नैतिक बाजू असते, जी आपल्याला दिसत नाही कारण त्यात कुणी वाईट वागत नसतं. काकांनी लिंकेज मुद्दाम झिजवलं नाही. बुश काही रुपयांचं असतं आणि झीज इतकी हळू होते की हात तिच्याबरोबर रोज केसभर शिकत जातो. जो रोज चालवतो त्याला बिघाड कळतच नाही. जो कधीतरी बसतो त्यालाच तो पूर्ण आकारात भेटतो, आणि त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, कारण तो कधीतरीच बसतो. घराचं कुलूप, ऑफिसचा फॉर्म, सरकारी वेबसाइट, काही घरांतली स्वयंपाकघरंसुद्धा अशीच असतात. मालकाला ‘जरा उचलून उजवीकडे फिरव’ हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की पाहुण्याला दार उघडेना याचं त्याला हसू येतं.

काढलेली बुश आणि पिना मिस्त्रींनी एका झाकणात ठेवल्या होत्या. काकू डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ते झाकण उचललं, लंबगोल भोकातून बोटाचं टोक फिरवलं आणि विचारलं, ‘हे कधीपासून असेल असं?’ मिस्त्री म्हणाले, ‘सांगता नाही यायचं वहिनी. वीसेक वर्षं तरी धरा.’ काकूंनी मनात वजाबाकी केली असणार. मीही केली. वीस वर्षं म्हणजे २००४-०५. चढावरची गोष्ट १९९४ ची.

मला फार मोह झाला होता हे बुश पुरावा म्हणून सादर करायचा. पुढच्या दिवाळीत टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, बघा. पण प्रामाणिकपणे, तो पुरावा नाही. १९९४ मध्ये गाडी दहा वर्षांची होती. तेव्हा खेळ असेलही, नसेलही. कदाचित त्या दिवशी काकूच चुकल्या असतील, नवख्या माणसासारख्या, एकदा. मग मला जाणवलं की पुराव्याची गरजच चुकीच्या बाजूकडून मागितली जातेय. एकदा चुकल्यावर त्यांना दुसऱ्यांदा बसायला मिळालं नाही, आणि तीस वर्षं त्या एका चुकीचं कारण त्यांचा हात मानला गेला. गाडी कुणी खोलून बघितली नव्हती. काकू निर्दोष होत्या की नाही यापेक्षा मला हे जास्त खुपतं, की तपास झालाच नव्हता.

बसवण्याचं काम सोडवण्यापेक्षा जास्त वेळ घेतं. नवी बुश सातपूर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून ब्रॉन्झची करून घेतली. लंबगोल भोकं रीमरने गोल करून त्या मापाची. पिना नव्या. वाकवलेला रॉड सरळ केला. आणि मग मी माझी वही उघडली, सोडवताना मोजलेले आटे वाचून दाखवायला. मिस्त्रींनी वही बंद केली. ‘ते माप आता चुकीचं.’

विचार केल्यावर कळलं, अर्थातच चुकीचं. ती लांबी झिजलेल्या बुशांसाठी कुणीतरी जुळवलेली होती. बुश नवी, रॉड सरळ, मग जुनं माप लावलं तर नवा दोष आपणच बसवणार. ‘जसं होतं तसं बसवा’ हा नियम तेव्हाच खरा जेव्हा जे होतं ते बरोबर होतं. मग माप कुठून आणायचं? गाडीकडूनच. गिअरबॉक्सवरचा आर्म हाताने हलवून खऱ्या न्यूट्रलमध्ये आणायचा, आत स्प्रिंगवरची गोळी खाचेत बसल्याचं बोटाला जाणवतं. वर दांडाही न्यूट्रलच्या जागी धरायचा. आणि मग रॉडचं टोक आटे फिरवून इतकं लांब-आखूड करायचं की पिन आपोआप, जोर न लावता भोकात शिरेल. जोर लावावा लागला तर अजून अर्धा फेरा. लॉक नट घट्ट, ग्रीस, नवीन स्प्लिट पिन, तिची टोकं दोन्ही बाजूंना दुमडून. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससकट. मग इंजिन चालू करून.

गाडी बाहेर काढली काकांनीच. गल्लीच्या टोकाशी, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, बंद पडली.

कारण सरळ होतं. न्यूट्रलमध्ये ती चाचपण्याची हालचाल त्यांच्या हाताने केलीच. पूर्वी ती लिंकेजच्या खेळात जिरून जायची. आता ती गिअरबॉक्सपर्यंत पोचत होती आणि रांग बदलत होती. त्यांनी दांडा खाली आणला तो चौथ्यात. पुन्हा चालू केली, पुन्हा चौथा. तिसऱ्यांदा त्यांनी हात स्टीअरिंगवर ठेवला आणि म्हणाले, ‘गाडी बिघडवलीत तुम्ही.’ मग किल्ली माझ्या हातात देऊन घरी चालत गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं एकच गाडी चालवलेला. नंतर तीन आठवडे त्यांनी ती काढली नाही.

आता तुम्ही म्हणाल, दुरुस्ती बरोबरच होती, त्यांना सवय होईल. दोन्ही खरं आहे. पण मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांचा झटका ही बिघाडाची सावली होती हे मला पटलंय, तरी तो झटका त्यांनी चाळीस वर्षांच्या श्रमाने कमावला होता, आणि आम्ही तो एका आठवड्यात रद्द केला. ऑफिसातला तो रात्री सिस्टिम सोडवणारा माणूस आठवा. सिस्टिम नवी केली की त्याला निरोपाचा एक मेलही जात नाही, उलट ‘लेगसी’ हा शब्द त्याच्याही पाठीला चिकटतो. गैरसोय त्याने निर्माण केली नव्हती, तो ती अंगावर घेत होता. माझ्या मते देणं आहे, आणि ते वस्तू बिघडलेली ठेवून फेडायचं नसतं. त्याच्या कसबातला कुठला भाग झिजेचा आणि कुठला गाडीचा, हे त्याच्याबरोबर बसून निवडावं लागतं. सरसकट ‘जुनी खोड’ म्हणून सगळं फेकलं तर दुसरा भागही जातो, आणि तो भाग कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

काकूंनी गाडी चालवली का, हे मला सगळे विचारतात. चालवली, एकदा, सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या. म्हणाल्या, क्लच जड आहे, मला माझी बरी.

नव्या रॉडची मापं मी एका कागदावर तारखेसह लिहून ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली होती, पुढच्या मिस्त्रीसाठी. डिसेंबरमध्ये घरी गेलो तेव्हा त्याखाली बॉलपेनने, काकांच्या तिरक्या अक्षरात, दोन ओळी वाढलेल्या दिसल्या. थंडीत सकाळी गिअर ऑइल घट्ट असतं, पहिले दोन किलोमीटर दुसरा सावकाश टाकावा, घाई करू नये. इंजिन तापेपर्यंत चोक एकदम आत ढकलू नये.